विहिरीत उतरलेला जांभळा रंग

साठी उलटली तरी घरात सगळे तिला धाकटीच म्हणत. नवऱ्याच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपड्यावरचा डाग बघून तो कशाचा आहे हे ती सांगायची. चहा, शाई, रक्त, लिपस्टिक. लिपस्टिकबद्दल मात्र गिऱ्हाइकाला चकार शब्द विचारायची नाही. "आपण कपडे धुतो, लोकांचे संसार नाही," म्हणायची.

नवरा गेला, दुकान बंद पडलं. पुढे सरकारी माणसं आजूबाजूच्या पाण्याचे नमुने घेऊन गेली, तेव्हा कळलं की कपडे धुवायचं सॉल्व्हंट, डाग विरघळवणारं ते रसायन, जमिनीत मुरलंय आणि भिंतीपलीकडे राहणाऱ्या थोरल्या जावेच्या विहिरीतही उतरलंय. विहिरीवर झाकण बसलं, झाकणाला कुलूप. थोरलीचं यकृत आधीच बिघडलेलं होतं. ते या पाण्यामुळेच का, हे डॉक्टरांना छातीठोकपणे सांगता येईना. थोरलीच्या मुलाला, धाकटीच्या पुतण्याला, मात्र कुणी सांगायची गरज वाटली नाही. "काकांनी आमच्या घरात विष सोडलं," तो म्हणाला आणि दोन घरांतलं बोलणं तुटलं.

धाकटीने नवऱ्याची बाजू सोडली नाही. विहिरीच्या पलीकडे एक छापखाना होता. तिथेही शाई पुसायला असलंच काहीतरी वापरत. "त्यांचंच आलं असणार," ती दिसेल त्याला सांगे, आणि सांगताना तिचा आवाज उगाच चढे.

मग जमीन साफ करणारं पथक आलं. दुकानाच्या फरशीला भोकं पाडून खोलवर नळ्या सोडल्या, पंप लावला. पिंपात गडद जांभळं पाणी ढवळलं जात होतं.

"पोटॅशियम परमँगनेट," इंजिनीअर बाई म्हणाल्या. "हे सॉल्व्हंटला भिडलं की त्याला मोडून टाकतं. मागे थोडा क्षार आणि तपकिरी गाळ उरतो. पण भिडायला हवं, मावशी. ते मातीत कुठे दडून बसलंय, त्यावर सगळं आहे."

एका सकाळी भिंतीपलीकडून पुतण्याचा आरडाओरडा ऐकू आला. धाकटी धावत गेली. नमुना घ्यायला इंजिनीअर बाईंनी विहिरीचं झाकण उघडलं होतं आणि आतलं पाणी जांभळं झालं होतं. बाईंनी तिथूनच ओरडून पंप बंद करायला लावला.

"इतक्या लवकर इथे पोचायला नको होतं," त्या म्हणाल्या. "खाली वाळूचा पट्टा असणार. दुकानापासून थेट इथवर."

धाकटीने विचारलं, "मग सॉल्व्हंटही याच वाटेने आलं?"

"बहुतेक हो."

"आणि छापखान्याचं?"

"तो उताराच्या खालच्या अंगाला आहे. जमिनीतलं पाणी तिकडून इकडे चढत नाही."

नवऱ्याचे भेगाळलेले हात तिला आठवले. काम करताना तो शीळ घालायचा. जमिनीखाली काय चाललंय हे त्याला ठाऊक नव्हतं, की त्याने कधी विचारलंच नाही? रागवावं तर कुणावर, तेच तिला कळेना. ती तशीच पायऱ्या चढून थोरलीच्या खोलीत गेली.

"आमच्याच दुकानातून आलं," ती दारातून म्हणाली. "छापखान्याचं मी उगाच म्हणत होते."

थोरली पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "मला वाटलंच होतं. पाण्यापेक्षा तू गल्लीभर नाही नाही म्हणत फिरायचीस ना, ते जास्त लागलं." मग म्हणाली, "आता रडत बसू नकोस. तुझे डोळे पुसायची ताकद नाही माझ्यात."

विहिरीतल्या सॉल्व्हंटचं प्रमाण झपाट्याने उतरलं, सगळे खूश झाले, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा चढू लागलं. चिकणमातीत मुरलेलं हळूहळू बाहेर पाझरत होतं. दुसऱ्यांदा रसायन सोडायचं, तर या खेपेला दुकानामागच्या धाकटीच्या स्वयंपाकघराची फरशी फोडावी लागणार होती. तिने स्वतःच भांडी बाहेर काढली. पण काम सुरू व्हायच्या आधीच थोरली गेली.

"अजून किती वर्षं?" धाकटीने बाईंना विचारलं.

"सांगता येत नाही. कुणीतरी इथे लक्ष ठेवणारं हवं."

दुकानाची एक किल्ली घेऊन ती पुतण्याकडे गेली. त्याने दार अर्धंच उघडलं. आत ये म्हणाला नाही. किल्ली घेऊन खिशात टाकली आणि पंपवाली माणसं कधी येणार, तेवढं विचारलं.