पांढऱ्या साडीचा पदर

मुलांनो, तुमच्यातल्या एकीने परवा फोनवर माझ्या शालूचा फोटो मागितला, म्हणून लिहिते. शालू नव्हताच. संस्थान भारतात आलं त्या पोलीस ॲक्शननंतर निघालेल्या मुलींच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. लग्न रजिस्टर होतं आणि पुढे वर्गातही नेसता येईल अशी पांढरी सुती साडी मला हवी होती. "माझा रंग तुला कशाला गं?" वडील गेल्यापासून पांढरंच नेसणारी आई पुन्हा पुन्हा म्हणायची. तरी भर उन्हात गुलमंडीच्या बाजारात ती माझ्यामागून तीन दुकानं हिंडली. चौथ्यात गादीवर टेकली. "पाय गेले माझे. घे तुला हवं ते." दुकानदाराने साडी काढली, पण लग्नाच्या साडीला कुंकू लावून द्यायची रीत, ते मात्र लावेना. "मावशी, पांढऱ्यावर कुंकू? माझा हात नाय धजत." मीही थकले होते, राहू द्या, म्हणणारच होते. तेवढ्यात आईने त्याच्यापुढची कुंकवाची वाटी ओढली. सात वर्षांत तिने कुंकवाला बोट लावलं नव्हतं. "तुझा नाय धजत ना बाबा? मग माझा बघ," म्हणत तिने पदराच्या टोकाला बोट टेकवलं. दुकानदार खाली बघून घडी घालत राहिला. ती साडी कधीच विरली. पदराचं ते टोक मी कापून ठेवलंय. डाग फिकट आहे, पण दिसतो.