ब्रिजेटची क्लच वायर

बाइकला हात लावण्याआधी ब्रिजेट अंगठी काढून ठेवते. निघालेला प्रत्येक नट आप्पेपात्राच्या एकेका खळग्यात टाकते, ज्या क्रमानं निघाला त्याच क्रमानं. अडलं की शिव्या देत नाही, शिट्टी वाजवते.

मालाडच्या गावठाणातल्या तिच्या अंगणात तिचा मित्र सम्यक सकाळी सहाला पायरीवर बसून हे पाहत होता. घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घेणं हे ब्रिजेटचं काम. सातला दिंडोशीत म्हातारी माणसं उपाशीपोटी तिची वाट पाहणार होती, आणि बाइकची क्लच वायर तुटलेली.

"रिक्षा कर ना यार."

"आज अकरा घरं आहेत. तू फिरतोस माझ्यासोबत रिक्षा शोधत?"

गेल्या वर्षापर्यंत साधी चेन ढिली झाली तरी ती गॅरेजवाल्याला फोन करायची.

नवी वायर बसली. सीट, टाकी जागेवर आली. तिनं हॅन्डल वळवलं, तशी वायर ताणली गेली. चुकीच्या बाजूनं ओवली होती.

"वाट लागली गं!" सम्यक पायरीवरून उठला.

"गप रे. मीच घातली ना? मग मीच काढीन."

शिट्टी वाजवत तिनं टाकी पुन्हा उतरवली. सम्यक थक्क झाला. चूक झाल्यावर माणूस इतका शांत राहू शकतो, हे एम.ए. होईपर्यंत वाचलेल्या एकाही पुस्तकात त्याला भेटलं नव्हतं.

पावणेसातला बाइक अलगद पुढे सरकली. डाव्या बाजूचं कव्हर मात्र भिंतीला टेकलेलंच होतं.

"अगं, हे लावायचं राहिलं!"

"संध्याकाळी बघू!" गल्लीच्या वळणावरून आवाज आला.