आबांच्या कोटातली बाई

आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, मला चोरी करताना पकडलं. त्या दिवशी त्यांना जाऊन साडेचार महिने झाले होते.

मी घाबरणारी बाई नाही, हे आधीच सांगते. तेरच्या शाळेत बावीस वर्षं कारकून आहे. शाळेत साप निघाला की हेडमास्तर टेबलावर चढतात आणि मला हाक मारतात. गावातल्या निम्म्या लोकांचे फॉर्म मी भरलेत. ‘खालची बारीक अक्षरातली ओळ वाचत जा’ असं मी दिवसातून दहा वेळा लोकांवर ओरडते. (हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं ते माझ्यावरच उलटणार आहे.)

आमच्या ऋतुजाला नीटला चांगले मार्क पडले. मग आला पसंतीक्रमाचा फॉर्म. मेडिकल कॉलेजांची यादी आपल्या पसंतीनं लावायची, एक नंबर, दोन नंबर, असं करत. मुदत संपायच्या आत ती लॉक करायची, एकदा लॉक झाली की बदल नाही. लॉक केली नाही तर यादीच नाही आणि यादी नाही तर कॉलेजही नाही. ऋतुजाचे मार्क असे होते की पहिल्या पाचात जे वर लिहू, बहुतेक तेच गळ्यात पडणार.

माझा हिशेब सरळ होता. एक नंबर धाराशिव. सकाळी डबा घेऊन एसटीनं जायचं, दिवेलागणीला घरी. धाराशिवला मी कुठल्याही ऑफिसात गेले तरी एखादा ओळखीचा क्लार्क निघतोच. लेकराचं काम अडलं तर एका फोनवर होईल.

ऋतुजानं एक नंबरला सिंधुदुर्ग टाकलं. तेरहून सिंधुदुर्गला जायचं म्हणजे एवढ्या वेळात माणूस काशीला पोचतो.

“अगं, तिथंच का?” मी विचारलं.

“तिथं तुझ्या ओळखीचा एकपण क्लार्क नाही,” ती म्हणाली. रागानं नाही हं, अगदी शांतपणे.

आता शाळेच्या पालकसभेत ‘पालकांनी पाठिंबा द्यावा, निर्णय लादू नये’ हे मीच फळ्यावर लिहिलेलं. त्यामुळं मी लगेच पाठिंबा दिला. तोंडी.

लॉक करायचा शेवटचा दिवस नेमका आबांच्या भरणी श्राद्धाचा निघाला. आत्यांनी (आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात) बजावलं की पितृपक्षात नवीन काही करू नये. मी म्हटलं, आत्या, सरकारी वेबसाइटला पितृपक्ष कळत नाही, तिला फक्त पाच वाजलेले कळतात. ऋतुजा म्हणाली, कावळा शिवला, जेवणं झाली, की साडेचारला लॉक करते.

कावळा शिवला नाही.

बारा वाजता गच्चीवर पान ठेवलं. खीर, वडे, गवार, कढी, आबांना आवडायचा तो भोपळा. शेजारच्या टाकीवर एक कावळा आला आणि बसला. पानाकडं बघेना. मान तिरकी करून माझ्याकडंच बघायला लागला. मी जागा बदलली, त्यानं मान बदलली. आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही, वारा नाही, झाडाचं पान हलत नव्हतं. एक वाजला, दोन वाजले. दोनच्या सुमाराला वीज गेली. वीज गेली की आमच्याकडच्या टॉवरचाही जीव जातो, मोबाईलचे मेसेज कासवाच्या पाठीवर बसून येतात.

माझी नणंद शालनताई येरमाळ्याहून श्राद्धाला आलेली. तिनं निदान केलं की आबांची इच्छा राहिलीय. मग सगळे इच्छा हुडकायला लागले. आमचे हे हात जोडून म्हणाले, आबा, नातीला डॉक्टर करतो. कावळा ढिम्म. शालनताई म्हणाली, दादा, कुठल्या कॉलेजात ते सांग, आबांना मोघम बोललेलं चालत नव्हतं. आमचे हे एसटीत कंडक्टर. त्यांनी कावळ्याला गाडीचे थांबे सांगावेत तशी यादी सुरू केली. लातूर, सोलापूर, अंबाजोगाई, नांदेड. कावळा काही उतरला नाही.

सगळ्यांचं लक्ष टाकीवर आहे हे बघून मी ‘चहा टाकते’ म्हणून खाली आले.

चहाबिहा काही नव्हता. अर्जाची प्रिंट माझ्या फाइलमध्ये होती. ऋतुजाचा पासवर्ड मला ठाऊक नव्हता, पण वेबसाइटवर ‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण असतं. नवा पासवर्ड करायचा, आत जायचं, धाराशिव वर घ्यायचं, सिंधुदुर्ग अकराव्या नंबरावर सरकवायचं आणि लॉक. दोन मिनिटांचं काम. मी बटण दाबलं. ‘नोंदणीकृत मोबाईलवर ओटीपी पाठवला आहे’ असं आलं. मी माझा मोबाईल हातात धरून वाट बघत बसले.

घर सुन्न होतं. वरचं बोलणंही ऐकू येईना. मेसेज येत नव्हता.

आणि आबांच्या बंद खोलीतून एक बाई बोलली.

शब्द कळले नाहीत. आवाज बारीक होता, गोड होता आणि त्यात श्वास नव्हता. एकेक शब्द मोजून ठेवल्यासारखा. मग गप्प.

शेजारचा रेडिओ असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वीज नव्हती हे मला नंतर आठवलं. मी पुन्हा बटण दाबलं.

तेवढ्यात शालनताई पाणी प्यायला खाली आली. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि पुन्हा तो आवाज आला. या वेळी स्पष्ट.

“छह. शून्य. चार. नौ. नौ. दो.”

शालनताईनं तांब्या खाली ठेवला. “वैनी, आबांच्या खोलीत बाई हाय.”

“भास असेल.”

“भास हिंदीत कसा व्हईल? आपल्या घरात हिंदी येतंय कुणाला?”

शालनताई जिन्यावरून अशी पळाली की तिचे गुडघे दुखतात हे मी त्या दिवसापासून मानत नाही. वर तिनं धापा टाकत सगळं सांगितलं. आता आत्या किंचाळतील, म्हणून मी कान देऊन उभी राहिले. आत्यांचा आवाज जिन्यातून खाली आला, भाजी निवडताना बोलावं तसा.

“ती व्हय? येती अधनंमधनं. आकडं सांगती अन् जाती.”

तेव्हा माझ्या पाठीतून पहिल्यांदा गार काहीतरी गेलं. सापाच्या वेळी असं झालं नव्हतं.

पण मी हट्टी. घाबरलेल्या माणसानं हातातलं काम सोडू नये, या विचारानं बटण तिसऱ्यांदा दाबलं. मग चौथ्यांदा. मग उठले आणि सरळ आबांच्या खोलीचं दार उघडलं.

खिडकी बंद. पलंग रिकामा. आबा गेल्यावर पंधरा दिवसांत मी खोली आवरली होती. कपडे वाटले, औषधं टाकली, काठी माळ्यावर. फक्त त्यांचा काळा कोट आत्यांनी हलवू दिला नव्हता. तो खुंटीवर होता. अंधारात त्याचे खांदे माणसाच्या खांद्यांसारखे दिसत होते. खाली पाय नव्हते एवढंच.

मी बघत असतानाच कोटाच्या छातीत उजेड झाला. कापडातून झिरपणारा हिरवट उजेड, डाव्या बाजूला, जिथं माणसाचं काळीज असतं तिथं. आणि कोट त्या बाईच्या आवाजात म्हणाला, “नया संदेश.”

बावीस वर्षांची नोकरी, साप, हेडमास्तर, सगळं गळून पडलं. मी हात जोडले.

“आबा, चुकलं माझं. लेकीचा पासवर्ड बदलत होते. धाराशिव एकावर घेणार होते, सिंधुदुर्ग अकरावर. तिला कळू देणार नव्हते. नंतर वेबसाइटवर ढकलणार होते. एवढ्या लांब गेली तर ती परत यायची न्हाय, आबा.”

(शेवटचं वाक्य माझ्या कच्च्या मसुद्यात नव्हतं. ते कुठून आलं ठाऊक नाही.)

कोटानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “एक. सात. सात. शून्य. पाँच. दो.”

माझ्या मागं कुणीतरी नाक ओढलं. मी वळले. दारात आमचे हे, शालनताई, आत्या आणि सगळ्यांच्या पुढं ऋतुजा. आकड्यांचं ऐकताच ती जिना उतरली होती आणि बाकीचे तिच्या मागं. कबुलीजबाब पहिल्या शब्दापासून सगळ्यांनी ऐकला होता.

ऋतुजा मला ओलांडून गेली, कोटाच्या खिशात हात घातला आणि आबांचा फोन बाहेर काढला. बटणाचा, जुना. आबांना मोतीबिंदू, म्हणून दुकानदारानं त्यात मेसेज हिंदीत बोलून दाखवायची सोय लावून दिलेली. इंग्रजी मजकूर त्या बाईला वाचता यायचा नाही, आकडे तेवढे यायचे.

परीक्षेचा फॉर्म भरताना हा नंबर मीच द्यायला लावला होता. माझ्या मोबाईलवर शाळेचे शंभर मेसेज, त्यात ओटीपी हरवेल. आबा घरीच असतात, त्यांचा द्या. हे मी साफ विसरले होते. आणि वेबसाइटवर ‘ओटीपी पाठवला आहे’च्या खाली त्या नंबरचे शेवटचे दोन आकडे लिहिलेले होते. बारीक अक्षरात.

“आई, किती वेळा दाबलंस?” ऋतुजानं विचारलं.

“चार.”

तिनं माझा मोबाईल घेतला. स्क्रीनवर लाल अक्षरं होती. प्रयत्नांची मर्यादा संपली, खातं बंद, एक तासानंतर प्रयत्न करा. घड्याळात तीन चाळीस झाले होते.

चार चाळीसला साइटचं दार उघडणार, पाचला बंद होणार. मध्ये वीस मिनिटं, वीज नाही आणि मेसेज कासवावर. पोरीची दोन वर्षांची मेहनत मी एका बोटानं अडकवून ठेवली होती. ऋतुजा रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त घड्याळाकडं बघत होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

तेवढ्यात वर पंख फडफडले. आमचे हे धावत गेले आणि धावत आले. पान साफ होतं.

“बघा,” शालनताई म्हणाली, “वैनीनं कबूल केलं अन् कावळा शिवला. हीच इच्छा व्हती आबांची.”

खरं म्हणजे आम्ही सगळे गच्चीवरून उतरलो, त्याला एकांत मिळाला, तो जेवला. इतकं साधं. पण हे सांगायची माझी पत उरली नव्हती.

तो तास आम्ही आबांच्या खोलीत जेवत काढला. फोन मध्ये, पाटावर, निरांजन ठेवावं तसा. मी ताटात नुसती बोटं फिरवत होते. आत्यांनी माझ्या ताटात वडा टाकला. “खा गं. उपाशी पोटानं चोरी करू न्हाय.”

चार चाळीसला ऋतुजानं लॉगिन केलं. जास्त वेळा प्रयत्न झाले म्हणून साइटनं आता तिच्याकडंही ओटीपी मागितला. आम्ही पाच जणं त्या फोनकडं बघत बसलो. चार चव्वेचाळीस. चार सत्तेचाळीस. मला एकदम आठवलं. वीज दुपारपासून गेलेली, हा फोन बंद पडला तर?

“सकाळीच चार्जिंगला लावलाय,” आत्या म्हणाल्या. “रोज लावते.”

“रोज? कशाला?”

“ते रोज सांजंला विचारायचे न्हाय का, फोन लावला का म्हणून.”

चार पन्नासला फोनमध्ये उजेड झाला.

“नया संदेश,” बाई म्हणाली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता.

ऋतुजानं आकडे टाकले. यादी उघडली. एक नंबर, सिंधुदुर्ग. तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला.

“दाब.”

“मी?”

“दुपारपासून तुझंच बोट शिवशिवतंय.”

आधी मी खालची बारीक अक्षरातली ओळ वाचली. मग लॉक दाबलं. पाचला सात मिनिटं कमी होती.

आता ती तिकडं आहे. रोज फोन करणारी पोरगी ती नाही. पण कधी हॉस्टेलचा फॉर्म, कधी स्कॉलरशिपचा, कधी परीक्षेचा. आठवड्यातून दोन-तीनदा आबांचा कोट बोलतो. मी हातातलं टाकून पळते आणि पाठोपाठ माझा मोबाईल वाजतो. “आई, आकडे सांग.” मी सांगते. मग जेवलीस का, हे विचारायला दीड मिनिट मिळतं. आत्या फोन चार्जिंगला लावतात, मी लावलाय का ते बघते.

ऋतुजा म्हणते, आई, आता तरी नंबर बदलून टाक, साधा एक पानाचा अर्ज आहे. आहे ना. माझ्या टेबलाच्या खणात आहे, सही-शिक्क्यासह तयार. ती विचारते तेव्हा मी तेच उत्तर देते, जे बावीस वर्षं खिडकीपलीकडच्या लोकांना देत आले: प्रक्रिया चालू आहे.