दोन फळ्यांवरचा एक प्रश्न

नगरच्या एसटी स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीचं एक दुकान होतं आणि त्याच्या बाहेरच्या भिंतीवर शाळेत असतो तसा काळा फळा टांगलेला होता. दुकान एका निवृत्त सुभेदारांचं. फौजेत ते सिग्नलमध्ये, बिनतारी संदेशांच्या कामावर होते. बहात्तरच्या दुष्काळाला लागून जो उन्हाळा आला, त्या उन्हाळ्यात मी नगरच्याच एका दैनिकात उपसंपादक होतो आणि हातानं रेडिओ जुळवायचा नाद असलेल्या दहा-बारा जणांमध्ये माझी गणना होत असे. आमच्यात एक कंपाउंडर होता, दोन कारकून होते, एक एसटी कंडक्टर होता, काष्टीचे एक प्राथमिक शिक्षक होते. रविवारी सकाळी सगळे फळ्यापाशी जमत.

फळ्याच्या डाव्या बाजूला प्रश्न, उजव्या बाजूला उत्तरं. खडूचे तुकडे खिडकीत करवंटीत ठेवलेले असत. कुणीही यावं, लिहावं. आठवडाभर येणारे-जाणारे उत्तरं लिहीत. पुसायचं फडकं मात्र सुभेदारांच्या खिशात असे. त्यांचा नियम एकच होता. एक प्रश्न फळ्यावर एकदाच. तोच प्रश्न दुसऱ्या कुणी लिहिला तर नवा पुसायचा आणि त्या जागेपासून जुन्या प्रश्नापर्यंत बाण ओढायचा. विचारणाऱ्यानं बाणाच्या मागे जावं.

मला हा नियम पटत होता. आमच्या कचेरीतही एकच बातमी दोन वार्ताहरांकडून आली की एक ठेवायची, दुसरी टोपलीत टाकायची. फळा लहान होता, लोक पुन्हापुन्हा तेच विचारत. खरखर का येते, एरियल किती लांब हवी, शिट्टी कशी घालवावी. बाण नसते तर उत्तरांना जागाच उरली नसती.

त्या उन्हाळ्यात नगरमध्ये कुणाचंच एका जागी मन लागत नव्हतं. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, त्यामुळे माणसं बोलता बोलता उठून जात. कचेरीत तारा येत त्या खडी फोडण्याच्या कामांच्या, चारा छावण्यांच्या. मी दुपारी टेबलावरून उठून फळ्याकडे जाई, पाच मिनिटं उभा राही, परत येई. तिथेही काही सुचत नसे.

अशाच एका रविवारी काष्टीच्या गुरुजींनी डाव्या बाजूला लिहिलं, ‘सेट मुका होतो. नुसती खरखर. दुपारी जास्त.’ अक्षर वळणदार, ओळ सरळ.

सेट त्यांचा नव्हता. तो पंचायतीचा होता. सरकारनं गावाला दिलेला, चावडीत लोखंडी पेटीत बसवलेला, वर छपरावर कर्णा. चार महिने तो बंद होता. नगरहून मेकॅनिक येणार येणार म्हणत कुणी आलं नाही. बाया-माणसं दुष्काळी कामावरून परतल्यावर चावडीपुढे बसत आणि बंद पेटीकडे बघत. गुरुजींना राहवलं नाही. त्यांनी मागच्या झाकणावरचं लाखेचं सील तोडलं, आत तुटलेली एक तार दिसली ती जोडली. रेडिओ बोलायला लागला. मग ऊन वाढलं तसा तो मधूनच गप्प बसू लागला.

“सील फोडलंय मी,” त्यांनी सुभेदारांना हळूच सांगितलं. “पंचायत समितीचे साहेब येनार हायेत तपासायला. सेट बोलला तर कुनी झाकन बघनार न्हाई. मुका निघाला तर सगळं माझ्यावर. नोकरीत कायम होऊन वरीस झालं न्हाई अजून.”

“मग आधीच कशाला हात घातलात?”

“लोकं रोज इचारायची, गुरुजी, तुमाला त्यातलं कळतं ना.”

सुभेदारांनी फळ्याकडे पाहिलं. वर आधीपासून एक प्रश्न होता. कापडबाजारातल्या एका दुकानदाराचा सेट मुका होऊन खरखरत होता आणि त्याला उत्तर मिळालेलं होतं की सेल उतरलेत, बदला. सुभेदारांनी खिशातून फडकं काढलं, गुरुजींची ओळ पुसली आणि वरच्या प्रश्नापर्यंत बाण ओढला.

गुरुजी बाणाच्या मागे गेले. त्यांनी नवे सेल घेतले आणि काष्टीची गाडी पकडली.

पुढच्या रविवारी ते परत आले. सेल बदलूनही सेट दुपारी मुकाच होता. त्यांनी तीच ओळ पुन्हा लिहिली. खडू हातातून खाली ठेवायच्या आत सुभेदारांनी ती पुसली.

“गुरुजी, तेच परत?”

“तेच हाय, पण न्हाई मिटलं.”

“शाळेत पोरांना एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगता का?”

“सांगतो की. रोज सांगतो.”

आम्ही हसलो. सुभेदार हसले नाहीत. “सेल बनावट असतील. दुसरे घ्या,” म्हणाले आणि बाण पुन्हा गडद केला. गुरुजी रिकाम्या झालेल्या जागेकडे बघत थोडा वेळ उभे राहिले, मग रसाच्या गाड्यापाशी जाऊन उभे राहिले, मग स्टँडवर. त्यांची गाडी लागायला बराच अवकाश होता, पण ते फलाटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला चालत राहिले. कंडक्टर त्यांच्यामागे गेला. दोघं काहीतरी बोलले. कंडक्टरनं पेन काढून आपल्या तळहातावर लिहून घेतलेलं मला फळ्यापासूनही दिसलं.

कंडक्टर नगर-राहुरी फेरीवर होता. राहुरीला आमच्यासारखाच नाद असलेली काही मंडळी होती आणि त्यांनी आमचं बघून तिथल्या एका चहाच्या हॉटेलात दुसरा फळा लावला होता. सुभेदारांना त्या फळ्याचा राग होता. “तोच संसार दोनदा मांडायचा,” असं ते म्हणत. इथला प्रश्न तिकडे न्यायचा नाही, असं त्यांनी कंडक्टरला आमच्यासमोर बजावलं होतं.

मी आठवड्याच्या मध्ये मुळा धरणातल्या पाण्याची बातमी आणायला राहुरीला गेलो. धरण पाहिलं, तळाला भेगा पडलेल्या होत्या, टिपणं घेतली. परतीच्या गाडीला वेळ होता आणि बसवत नव्हतं, म्हणून चालत हॉटेलात गेलो. फळ्यावर खाली, कंडक्टरच्या तिरक्या अक्षरात लिहिलेलं होतं, ‘काष्टी. सेट दुपारी मुका. सांजेला बोलतो. सेल नवे.’

मी ते वाचून चहा मागवला आणि पुन्हा वाचलं. नगरच्या फळ्यावर ‘सांजेला बोलतो’ हे कधी आलंच नव्हतं. ‘दुपारी’ आलं होतं, पण बाण ओढताना ते पुसलं गेलं. कापडबाजारातल्या सेटला सकाळ-दुपार काही फरक पडत नव्हता. दोन प्रश्न सुरुवातीला सारखे होते आणि शेवटाला निराळे होते.

खाली उत्तर होतं. ते शेतकी विद्यापीठात प्रयोगशाळेत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं. योगायोगानं ते आलेच. मी उत्तराबद्दल विचारलं.

“दुपारी बंद, सांजेला चालू,” ते म्हणाले, “मग सेलचा काय संबंध? कुठला तरी कथलाचा डाग कच्चा आहे. तापला की सुटतो, थंड झाला की टेकतो. पेटी उन्हात आहे ना?”

“चावडीत. पत्र्याखाली.”

“मग झालं की.” त्यांनी बिडी पेटवली. “त्यांना कळवलं का कुणी?”

कुणी कळवलं नव्हतं. कंडक्टरला तीन दिवस बाहेरगावी मुक्कामाची ड्यूटी होती. काष्टीला फोन पंचायतीतही नव्हता. आणि गुरुजींनी मला सांगितलं होतं त्याप्रमाणे साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होते, सकाळी खडीची कामं बघून.

मी रात्री नगरला पोहोचलो. कचेरीत जाऊन धरणाची बातमी लिहून टाकली, चांगली लिहिली नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथे जाऊन थांबलो. सुभेदार आले, कुलूप काढलं, मी सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं ते असं:

“तिथं हाच प्रश्न? कुणी नेला?”

कंडक्टर तेवढ्यात स्टँडच्या बाजूनं येत होता. बाहेरची ड्यूटी संपून रात्रीच परतला होता. त्यानं ऐकलं.

“मी नेला,” तो म्हणाला. “सुभेदारसाहेब, तुमचा पुसायचा हात तिथवर पोचत न्हाई म्हनून नेला.”

मला वाटलं आता भांडण होणार. सुभेदार फळ्यापुढे गेले. बाण अजून तिथे होता, गडद. त्यांनी बाणाच्या शेपटीपाशी बोट ठेवलं. तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

“गुरुजींनी ‘दुपारी’ असं लिहिलं होतं?” त्यांनी मला विचारलं.

“दोन्ही वेळा.”

त्यांनी आत जाऊन डाग द्यायचा आयर्न घेतला, कथील घेतलं, छोटा स्टोव्ह घेतला आणि रॉकेलची बाटली कागदात गुंडाळली, मग दुकान परत बंद केलं. “काष्टीची गाडी कधी?” कंडक्टरला विचारलं.

“आता लागंल. पन उभं राहून जावं लागंल.”

“फौजेत काय बसून नेत होते का?”

गाडीत सुभेदार आणि मी, दोघं उभेच होतो. वाटेत माणसं हंडे घेऊन चढत, उतरत. सुभेदार एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं स्टोव्ह धरून उभे होते. श्रीगोंद्याच्या फाट्याला गाडी बराच वेळ थांबली. ड्रायव्हर पाणी शोधायला गेला होता. सुभेदार खाली उतरले, गाडीभोवती फिरले, परत चढले. पुन्हा उतरले. एकदा ते म्हणाले, “फळा लहान आहे.” मी हो म्हणालो. ते बोलणं तेवढंच झालं.

काष्टीला पोहोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. चावडीत गुरुजी धुतलेला सदरा घालून उभे होते. पेटीवर त्यांनी ओलं पोतं टाकलं होतं. पाण्याची अशी उधळपट्टी बघून एक म्हातारी त्यांना ओरडत होती. “अवं गुरुजी, त्या डब्याला पानी पाजताय, आमच्या शेरडाला पाजा!” रेडिओ खरखरत होता.

“साहेब आले?” सुभेदारांनी विचारलं.

“कामावर हायेत. येतीलच आता.” गुरुजींनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही का आलो हे त्यांना कळत नव्हतं.

सुभेदारांनी पोतं काढलं, झाकण काढलं. लाखेच्या सीलचे तुकडे गुरुजींनी कडेला चिकटवून ठेवले होते ते खाली पडले. मी स्टोव्ह पेटवला. सुभेदारांनी खिशातली पेन्सिल काढली आणि लाकडाच्या टोकानं एकेक डाग हलकेच दाबून बघू लागले. चावडीत माणसं गोळा झाली होती. एका ठिकाणी पेन्सिल टेकली आणि कर्ण्यातून एकदम बाईचा आवाज आला, बातम्या सांगणारा. पेन्सिल उचलली, आवाज गेला.

तो डाग नवा होता. बाकीचे काळपट पडले होते, हा चमकत होता. गुरुजींनी जोडलेली तार तीच. त्यांनाही ते दिसलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं.

सुभेदारांनी डाग तापवला, जुनं कथील पुसून घेतलं, नवं लावलं. आयर्न धरलेला त्यांचा हात अजिबात हलत नव्हता. ते डोकं वर न करता म्हणाले, “कंपनीचे डाग आजकाल असेच असतात.” गुरुजींनी मान खाली घातली.

जीपचा आवाज आला तेव्हा झाकण अजून बसवायचं होतं. पंचायत समितीचे विस्तार अधिकारी आत आले. धुळीनं पांढरे झाले होते. रेडिओ बोलत होता. त्यांनी पेटीकडे पाहिलं, उघड्या झाकणाकडे पाहिलं, जमिनीवरच्या लाखेकडे पाहिलं.

“सील कुणी तोडलं?”

गुरुजींनी तोंड उघडलं.

“मी,” सुभेदार म्हणाले. ते उभे राहिले, टाचा जुळवून. “माजी सुभेदार, सिग्नल. आत्ता आपल्यासमोर दुरुस्त केलाय. काय लिहायचं ते माझ्या नावावर लिहा.”

 बाहेर ती म्हातारी अजून शेरडाबद्दल बोलत होती. मग अधिकाऱ्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि खुर्ची मागितली.

“आवाज जरा कमी करा,” ते म्हणाले. “आणि गुरुजी, विहिरीच्या कामाची हजेरी तुम्हीच लिहिता ना? किती माणसं लावलीत ते सांगा.”

परतीच्या गाडीत आम्हाला बसायला जागा मिळाली. सुभेदार खिडकीशी बसले आणि नगर येईपर्यंत दोनदा जागा बदलली. उतरल्यावर घरी न जाता दुकानाकडे गेले. फडकं काढून त्यांनी बाण पुसला. मग जिथे गुरुजींची ओळ होती तिथे ती पुन्हा लिहिली, स्वतःच्या ताठ अक्षरात, ‘दुपारी’सकट. समोर उत्तर लिहिलं आणि उत्तराखाली बारीक अक्षरात ‘राहुरी’.

त्यानंतर बाण बंद झाले. कुणी तेच विचारलं तर जुन्या प्रश्नाखाली लहान अक्षरात लिहायचं, आणि काय वेगळं आहे ते शेवटी लिहायचं, असं ठरलं. याचा त्रास झाला. फळा लवकर भरू लागला, कंपाउंडरची कुरकुर सुरू झाली की आपल्याला खडू टेकवायला जागा नाही. कंडक्टर राहुरीहून हात भरून लिहून आणू लागला. मी रविवारी जाई तेव्हा सुभेदार फडकं हातात धरून फळ्यापुढे उभे असत, एकेक ओळ शेवटपर्यंत वाचत, आणि बहुतेक वेळा फडकं तसंच खिशात परत ठेवत.

गुरुजी पुढच्या रविवारी आले ते कर्ण्याची शिट्टी कशी घालवावी हे विचारायला. तो प्रश्न फळ्यावर आधीच होता. त्यांनी खडू उचलला आणि सुभेदारांकडे बघितलं.

“लिहा,” सुभेदार म्हणाले. “कधी वाजते तेही लिहा.”