पाठमोरी चढणारी मोटार

शेजाऱ्यानं मोटार घेतली की किस्से आपल्या घरात साचतात. दोन्ही अंगणांमधली भिंत कमरेएवढी. मी काय कान झाकून घेऊ?

निजामाचं राज्य होतं. तुळजापूरच्या घाटाखाली आमचं गाव. शेजारच्या आडतवाल्या मल्लाप्पाअण्णांनी जुनी मोटार आणली. सारं गाव बसून आलं, पण त्यांचं कुटुंब, गंगाअक्का, काही बसेनात. "एकदा बस अन् बरी हाय म्हण, बास!" अण्णा रोज विनवायचे. अक्का मान उडवायच्या.

*

डब्यातल्या पेट्रोलमध्ये कचरा लई. एकदा अण्णांनी ते अक्कांच्या नव्या खणातनं गाळलं. अक्का दारातनं म्हणाल्या, "सवतीला गाळून पाजताय! मला कधी पेलाभर पाणी तरी दिलंत?"

*

टाकी पुढच्या सीटखाली. पेट्रोल किती उरलं ते बघायला बसलेल्याला उठवून तुरीची काडी बुडवायची. एकदा तिथं तहसीलदारसाहेब सिगारेट ओढत बसलेले. ड्रायव्हर रसूलभाई अदबीनं म्हणाले, "साहब, जरा उठो, पेट्रोल देखना है."

"कहाँ?"

"आपके नीच्चे!"

साहेबांनी जळती सिगारेट शेरवानीच्या खिशात कोंबली!

*

पंप नव्हताच, पेट्रोल आपल्या वजनानं इंजिनाकडं उतरायचं. टाकीत कमी उरलं की गाडी धापा टाकायची. मग अण्णा टाकीला तोंड लावून फुंकायचे. घरी आल्यावर अक्कांचा हुकूम, "चुलीपासनं लांब! बोललात तरी भडका उडंल!"

*

घाटात तर इंजिन वर अन् टाकी खाली. पेट्रोल चढणार कसं? म्हणून रसूलभाई गाडी फिरवून अख्खा घाट रिव्हर्सनं चढायचे. अक्कांची खरी अडचण हीच! "देवीच्या दारात पाठमोरी जाऊ? देवळातनं निघतानासुदिक आपण पाठ दावत न्हाय!"

शेवटी नवरात्रात तयार झाल्या. मीही शेजारी बसले, चुकवते कशाला! घाटात गाडी पाठमोरी फिरवली, तशा अक्का सीटवर गुडघे टेकून गर्रकन मागं वळल्या. तोंड देवीकडं, हात जोडलेले. रसूलभाईंना मागचं दिसेना, तर याच ओरडायला लागल्या, "भाई, डावीकडं घ्या! म्हस हाय!"

दर्शन झालं. येताना गाडी सरळ उतरायला लागली. म्हणजे देवीकडं पाठ! अक्का पुन्हा वळून गुडघ्यांवर.

घरी उतरल्यावर अण्णांनी भीत भीत विचारलं, "मग? कशी हाय मोटार?"

"मला काय ठावं? जाताना-येताना मी देवीकडंच बघत व्हते. मोटार बघायला परत न्यावं लागंल!"