दसऱ्याच्या मुहूर्तावरचा पिकअप

माझ्या व्यवसायाबद्दल आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसायचं कुठे ते कळेल. मी टेस्टर आहे. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे माझं काम. सिंगापूरच्या पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात बसून चौदा वर्षं ते करतोय, आणि लोक म्हणतात की बरं करतो. अशा माणसासमोर सहा महिने, दर शनिवारी, एक चूक बसून कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत होती आणि ती त्याला दिसली नाही.

ती चूक म्हणजे माझा मित्र. सिंगापूरला आलो तेव्हा आम्ही दोघांनी एका फ्लॅटमधली एक खोली वाटून घेतली होती. पुढे लग्नं झाली, पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, तो बुओना व्हिस्टाला राहायला गेला, पण मी त्याला पार्टनर म्हणायचो ते तसंच राहिलं. धंदा कुठलाच नव्हता, नुसताच पार्टनर.

धंदा आला गुढीपाडव्याला. त्याच्या घरी जेवण होतं. त्याच आठवड्यात ओळखीच्या एका कुटुंबाने घर बदललं होतं आणि मूव्हरवाल्यांनी लोणच्याची बरणी आडवी घातली होती. तेल गादीत, गादी कचऱ्यात. देव्हारा चपलांच्या खोक्याखाली सापडला. इथे आपल्या माणसांचं बिऱ्हाड दर दोन वर्षांनी हलतं. लीज संपली, भाडं वाढलं, शाळा लांब पडली, काहीतरी निघतंच. श्रीखंडाची तिसरी वाटी संपवत पार्टनर म्हणाला, "राव, हे आपण का करत नाही? बरणी उभी न्यायची असते हे कळणारा मूव्हर या बेटावर एक नाही."

"ट्रक लागेल," मी म्हणालो.

"ट्रक नाही. पिकअप. कॉन्डोच्या बेसमेंटमध्ये लॉरी जात नाही, पिकअप जातो. हेवी ड्युटी, डिझेल. घेतला की दोघांनी राजीनामे टाकायचे. ट्रक निवडणं तुझ्याकडे. कंपेअर करण्यात तुझा हात धरणारा कोण आहे?"

स्तुती ही गोष्ट मला कधीच पचलेली नाही. त्याच रात्री एक शीट उघडली आणि त्याच्याशी शेअर केली.

माझी बायको त्या वेळी एवढंच म्हणाली, "घरात बाजाराची पिशवी मी उचलते. आणि तुम्ही दोघं लोकांची कपाटं उचलणार?"

तीन पिकअप शर्यतीत उरले. पार्टनरने त्यांची बारशी केली. पहिला पैलवान, कारण ताकद अफाट आणि डिझेल पाण्यासारखं पिणार. दुसरा मास्तर, दिसायला रुक्ष, डॅशबोर्ड वीस वर्षांपूर्वीचा, पण कधी दांडी मारणार नाही. तिसरा जावई. चकचकीत, कातडी सीट, समोर क्रोम, आणि वजन उचलायची वेळ आली की सगळ्यांत मागे. माझ्या शीटमध्ये मास्तर पहिल्या दिवसापासून पुढे होता.

शनिवारी आम्ही उबीच्या शोरूममध्ये जायचो. तिथला विक्रेता साठीकडे झुकलेला चिनी अंकल, अतिशय सोशीक. रिकाम्या गाडीची टेस्ट ड्राइव्ह मला मान्य नव्हती, म्हणून एकदा मी घरची घरघंटी टॅक्सीत घालून नेली. आम्ही दोघांनी ती मास्तरच्या मागे चढवली, पट्ट्यांनी बांधली आणि चढ-उतार, वळणं, स्पीडब्रेकर सगळं करून आणलं. अंकलने परत आल्यावर घंटीभोवती एक चक्कर मारली.

"धिस वन वॉशिंग मशीन आह?"

"पीठ दळायचं यंत्र," असं मी माझ्या इंग्रजीत सांगितलं.

"वा, यू ऑल एट होम ऑल्सो वर्किंग," तो म्हणाला आणि मला पाणी आणून दिलं. पुढच्या शनिवारी मी टेस्टच्या गाडीला वर शिडी ठेवायचा सांगाडा बसवून घेतला आणि ती आमच्याच कॉन्डोच्या बेसमेंटमध्ये घातली. गाडीची उंची मी मोजली होती. सांगाड्याची नव्हती. तो आवाज नवव्या मजल्यापर्यंत गेला, असं माझ्या मुलीने मला इंग्रजीत कळवलं, आणि वर म्हणाली, "पप्पा, प्लीज डोन्ट से यू नो मी, लाह."

पार्टनर मात्र मनापासून रस घ्यायचा. शीटमध्ये रकाने वाढवायला सांगायचा. ट्रेलर किती ओढतो ते टाक, म्हणाला. टाकलं. टाकी किती मोठी? टाकलं. धुळीसाठी एअर फिल्टर कसला? पुढे लोखंडी गार्ड बसतो का? मातीच्या रस्त्यावर सस्पेन्शन कसं? मी इंटरनेटवरच्या मंचांवर जाऊन अनोळखी लोकांना प्रश्न विचारून सगळं शोधून काढलं. या देशात माती बघायची तर कुंडीत बघावी लागते. टाकी भरली तर अख्ख्या बेटाला कंटाळा येईपर्यंत प्रदक्षिणा घालता येतात. गार्डच्या रकान्यापाशी मी जरा थांबलो होतो, नाही असं नाही. मग म्हटलं, रात्री कधी रानडुक्कर आडवं येतं, माणूस दूरचा विचार करतोय. आणि त्या रकान्याला हिरवा रंग दिला.

जुलैत माझ्या मॅनेजरने मला आत बोलावलं. टीमच्या लीडची जागा रिकामी होत होती, ती मी घ्यावी असं त्याचं म्हणणं. मी ज्या जागेची सहा वर्षं वाट बघितली तीच ही. मी नको म्हणालो. वर्षअखेर मी इथे नसेन, हे त्याला सांगितलं नाही. वैयक्तिक कारण आहे, एवढं म्हणालो. लिफ्टमधून खाली येताना मला फार हलकं वाटत होतं. बायकोला सांगितलं नाही. पिकअप दारात उभा राहिला की एकदमच सांगू, असं ठरवलं. पार्टनरलाही नाही सांगितलं. त्याच्यावर दडपण नको.

मग बुकिंगच्या तारखा सुरू झाल्या. मी म्हणालो, या शनिवारी करून टाकू. तो म्हणाला, "आषाढात नको रे." हा माणूस एकादशीला हॉकर सेंटरमध्ये रांग लावून चिकन राइस खाणारा. मी म्हटलं, ठीक. मग श्रावण लागला, तर श्रावणात त्याच्या आईचा काहीतरी नेम होता. मग गणपती आले, त्यात कोण शोरूमला जाणार. गणपती गेले आणि पितृपक्ष. आता पितृपक्षावर वाद कोण घालणार? मी स्वतः कशावर विश्वास ठेवत नाही, पण विश्वास नसलेल्या माणसालाही पितृपक्षात गाडी बुक करायचा धीर होत नाही. तो फोनवर अगदी गंभीर आवाजात म्हणाला, "दसऱ्याला करू. साडेतीन मुहूर्तांतला एक. त्या दिवशी कुणाला विचारायला नको." मला त्याचं कौतुकच वाटलं. धंद्याच्या निमित्ताने माणूस घरच्या रीतीला लागला.

दसऱ्याला मी अर्धा दिवस रजा टाकली. सकाळी लिटल इंडियातल्या टेक्का बाजारात जाऊन झेंडूचा हार घेतला, मोठा, गाडीच्या नाकाला पुरेल असा. खिशात बुकिंगचा चेक. निघतानाच पार्टनरचा मेसेज आला, अंगात ताप आहे, आज राहू दे, पुढच्या आठवड्यात बघू. मी म्हटलं, मुहूर्त काय ताप बघून थांबतो? सही माझी चालते. मी करून येतो, तू पड.

त्याने त्यावर तीनदा फोन केला. मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत होतो, दोन्ही हातांत हार, उचलला नाही.

अंकलने मला दारातच बघितलं. हार बघितला. मग माझ्या मागे कुणी येतंय का ते बघितलं.

"टुडे यू अलोन? युवर फ्रेंड पर्थ गो ऑलरेडी आह?"

मी म्हणालो, पर्थ कशाला? त्याला ताप आहे.

अंकलच्या लक्षात आलं असावं. त्याने टेबलावरचे कागद नीट रचले, मग उगाच पुन्हा रचले. पण तो सरळ माणूस, सांगितलं त्याने. महिन्याभरापूर्वी माझा मित्र एकटाच येऊन गेला होता. हीच मॉडेलं पर्थला मिळतात का, तिकडच्या आणि इथल्यात फरक काय, विचारत होता. ऑस्ट्रेलियाला कायमचा चाललोय म्हणाला. अंकलला वाटलं, आम्ही दोघंही चाललोय.

हार मी अंकलच्या काउंटरवर ठेवला. मला तो परत नेता येईना.

बुओना व्हिस्टाला त्याच्या फ्लॅटचं दार उघडंच होतं. पॅकर्सची खोकी छतापर्यंत. पार्टनर हाफ पँटमध्ये, हातात चिकटपट्टीचं रीळ. त्याच्या बायकोने मला बघितलं, "मी चहा ठेवते," म्हणाली आणि आत गेली. तो चहा काही आला नाही.

"ताप उतरला?" मी विचारलं.

त्याने रीळ खाली ठेवलं. "बस ना."

"कुठे बसू? सोफा गुंडाळलाय."

त्याने एक खोकं माझ्याकडे सरकवलं. मीच विचारलं, "अर्ज कधी टाकलास?"

"मार्चमध्ये."

म्हणजे श्रीखंड वाढलं गेलं तेव्हा अर्ज जाऊन पडलेला होता.

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"आई म्हणाली, व्हिसा हातात पडेपर्यंत कुणाला बोलू नकोस. दृष्ट लागते."

"कुणाला म्हणजे मला?"

तो खोक्याचा कोपरा दाबत बसला.

"व्हिसा कधी आला?"

"गणपतीत."

"मग त्यानंतर?"

"तुझ्याकडे बघून बोलवेना, राव. तू त्या एअर फिल्टरबद्दल इतकं रंगून सांगत होतास." मग म्हणाला, "आणि खरं सांगू? मला वाटलं तू घेणारच नाहीस. तुला कंपेअर करायला आवडतं. म्हटलं, तुझे शनिवार बरे जातायत, माझंही काम होतंय."

"तुझं कसलं काम?"

"तिकडे नोकरी शहराबाहेर आहे, खाणीकडे. गाडी लागणारच होती."

तेव्हा मला ट्रेलर दिसला, धूळ दिसली, मोठी टाकी दिसली. रानडुक्कर नव्हे, कांगारू. मी सहा महिने त्या माणसाची गाडी निवडत होतो, तीही दुसऱ्या खंडातली, आणि रकान्यांना रंग देत होतो.

एवढं होऊनही माझ्या तोंडून निघालं, "कुठली घेतलीस?"

"जावई."

"अरे, त्याचं पेलोड..."

"ठाऊक आहे. पण सीट चांगल्या आहेत रे."

मी खिशातून चेक काढून त्याच्यापुढे धरला. शाळेत गृहपाठाची वही दाखवतात तसा. त्याने तो घेतला, वाचला, उलटा करून बघितला.

"सही केलीस?"

"केली."

तो खोक्याला टेकून खाली बसला. मी आल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं, ते गेलं आणि तिथे काही उरलं नाही. लीडच्या जागेचं माझ्या जिभेवर आलं होतं. नाही सांगितलं. त्याला आणखी वाईट वाटलं असतं आणि त्याची समजूत घालायचं काम परत माझ्याकडेच आलं असतं. चेक घेऊन मी उठलो.

घरी बायको पुऱ्या लाटत होती. मी म्हणालो, पार्टनर पर्थला चाललाय. तिने वर बघितलं नाही. पंधरा वर्षं संसार केल्यावर न बघण्याचा अर्थ कळतो.

"तुला माहीत होतं?"

"श्रावणापासून. त्याच्या बायकोने मंगळागौरीला सांगितलं. शपथ घातली होती."

"आणि तू मला हार घेऊन जाऊ दिलंस?"

"तो नसताना तू एकटा सही करणार नाहीस, हे मला माहीत होतं." तिने पुरी तेलात सोडली. "मला वाटलं, तो गेला की ट्रकचं खूळ आपोआप जाईल. नोकरी तरी राहील तुझी धड."

तेव्हा मी सांगितलं. मॅनेजर, जुलै, लीडची जागा, लिफ्टमधलं हलकं वाटणं, सगळं. तिने गॅस बंद केला.

"म्हणजे आषाढातच?"

"आषाढातच."

"मग मी श्रावणात बोलले असते तरी उपयोग नव्हता."

"नव्हता."

तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलेलं मला दिसलं, आणि मला त्याचाही राग आला. जेवताना आम्ही मुलीच्या शाळेबद्दल बोललो.

लीडची जागा मीच शिकवलेल्या एका मुलीला मिळाली. ती फार सभ्य आहे. काम देताना दरवेळी विचारते, चालेल ना तुम्हाला? मी चालेल म्हणतो. अंकलचा एकदा फोन आला होता, अजून हवा आहे का. नाही म्हणालो. घरघंटी मागे चढवायला दोन माणसं लागतात, आणि आता दुसरा माणूस शोधायचा तर आधी त्याला तपासायचं कसं, ते मला ठाऊक नाही. विमानतळावर मी गेलो नाही.

जानेवारीत त्याचा मेसेज आला. आधी फोटो: लाल माती, निळं आकाश, मध्ये धुळीने माखलेली गाडी. खाली लिहिलं होतं, "राव, मागे सामान भरलं की असल्या रस्त्यावर टायरमध्ये हवा किती ठेवू? शीटमध्ये कुठे आहे ते सापडत नाहीये."

चौथ्या पानावर आहे. मी उत्तर लिहिलं. रिकामी असताना किती, भरलेली असताना किती, टायर थंड असताना सकाळीच मोजायची. पुसलं. मग जाणूनबुजून चुकीचा आकडा लिहिला आणि त्याच्याकडे थोडा वेळ बघत बसलो. शेजारच्या सीटवर त्याची बायको असणार. तोही पुसला. "तिथल्या टायरवाल्याला विचार," असं लिहून पाठवलं. त्यावर त्याचा अंगठा आला.

मग शीट उघडली, शेअरिंगमध्ये गेलो आणि त्याचं नाव काढून टाकलं. नक्की काढायचं का, असं स्क्रीनवर आलं. मी हो दाबलं.