उर्दू लेबलाची सुटी अक्षरं

नवरा नोकरी सोडून कॅनडाला निघाला, तेव्हा त्याचं काम माझ्याकडे आलं. आम्ही एकाच कंपनीत होतो. मॅनेजर म्हणाला, "एका घरातलेच आहात, आरामात समजून घे." मी तारनाक्याचं सासर सोडून मलकपेठला आईकडे राहायला आले होते, हे ऑफिसात कुणाला माहीत नव्हतं. मी फक्त मान हलवली.

आमची कंपनी औषधाच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवते. गोळी कधी घ्यायची ते पुडीवर उर्दूत छापणारं पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा संच, नवऱ्याने लिहिलं होतं. ते बाहेर कुणाला मिळत नाही, कंपनीच्या सर्व्हरवर असतं. पॅकेज मॅनेजर नावाचा प्रोग्राम ते तिथून उचलतो, त्याला लागणारे बाकीचे भाग ठरलेल्या आवृत्तीचे आणतो आणि मशीनवर बसवतो. म्हणजे कुठल्याही मशीनवर तेच आणि तसंच चालायला हवं. पण दुकानांत जाणारं सगळं आजवर त्याच्या लॅपटॉपवरच तयार होत आलं होतं. दुसरीकडे कुणी करून पाहिलंच नव्हतं.

आम्ही काचेच्या मीटिंग रूममध्ये बसलो. तो इंग्रजीत बोलायला लागला. आम्ही एकमेकांशी कधीच इंग्रजीत बोललो नव्हतो. मला ते बरंच वाटलं. त्यात अगं-अरे करावं लागत नाही. मीही इंग्रजीतच उत्तरं दिली.

नव्या, कोऱ्या मशीनवर मी पॅकेज बसवलं आणि लेबल काढून पाहिलं. उर्दू अक्षरं एकमेकांना न जुळता सुटी सुटी आली होती. मला उर्दू येत नाही, तरी चुकलंय हे दिसत होतं. त्याच्या लॅपटॉपवर तेच लेबल नीट येत होतं.

"माझ्याकडे तर चालतंय," तो म्हणाला. मराठीत.

आम्ही दोन्ही स्क्रीन शेजारी ठेवून शोधत बसलो. जेवायच्या सुट्टीनंतर सापडलं. अक्षरं जोडणारी एक छोटी लायब्ररी, म्हणजे आयता कोड, त्याने लॅपटॉपवर हाताने टाकली होती आणि पॅकेजला लागणाऱ्या भागांच्या यादीत लिहायची राहिली होती.

"कधी टाकलीस?"

"आठवत नाही. घरी असताना असेल. तू चहा करायचीस तेव्हा मी हेच करत बसायचो."

तेव्हा लेबलं तपासता यावीत म्हणून तो उर्दू वाचायला शिकत होता. "खाने के बाद, दिन में दो बार," असं स्वयंपाकघरात मोठ्यांदा म्हणायचा. मला ते आठवलं, पण दुसऱ्या कुणाच्या घरातलं असावं तसं.

"लिहून टाक," मी म्हणाले.

त्याने ती लायब्ररी यादीत लिहिली, तिची आवृत्ती पक्की केली आणि पॅकेज सर्व्हरवर चढवलं. मी पुन्हा एका कोऱ्या मशीनवर पॅकेज बसवलं. या वेळी अक्षरं जुळून आली. त्याने वाचून दाखवलं, बरोबर होतं.

लॅपटॉप बंद करताना त्याने विचारलं, "आईंची शुगर कशी आहे?"

"कंट्रोलमध्ये आहे."

"जातो मग."

"हौ."

तो गेल्यावर मी पॅकेजच्या मालकांमधून त्याचं नाव काढलं. नियमच तसा आहे. काही वाटेल म्हणून क्षणभर थांबले. काही वाटलं नाही. मॅनेजरला मेल केला, की काम ताब्यात आलं, कुठल्याही मशीनवर चालतंय.

ऑफिसातून तारनाक्याला थेट मेट्रो होती. मलकपेठला जायला अमीरपेठला गाडी बदलावी लागते. त्या दिवशी मी सवयीने बसूनच राहिले आणि पुढच्या स्टेशनवरून परत आले.

आईने भाकरी आणि अंबाड्याची भाजी वाढली.

"भेटला का?"

"हौ."

"काय म्हणला?"

"ऑफिसचंच. आणि तुझी शुगर विचारली."

"और?"

"बस, इतकंच."

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी रडेन असं तिला वाटत असावं. मी अजून अर्धी भाकरी मागून घेतली आणि जेवून भांडी घासायला उठले. ती म्हणाली, "नक्को, राहू दे." तरी मी घासली.